गाडी घेतली, पण वायर कुणाच्या मीटरला जोडायची?

आमच्या गल्लीत संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसतं. अंगणवाडीत काम करणारी एक सेविका आपली विजेवरची स्कूटर जिन्याखाली लावते, सीट उचलते, आतली बॅटरी बाहेर काढते आणि ती हातात धरून दोन मजले चढते. बॅटरीचं वजन दहा-अकरा किलो. म्हणजे भरलेली कळशीच म्हणा ना! एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात रजिस्टरची पिशवी, आणि मागे पदराला धरून चालणारं लेकरू.

एकदा न राहवून मी विचारलं, "अगं, वरून खाली वायर सोडून चार्ज करत जा की गाडी खालीच."

"सोडली होती की ताई," ती म्हणाली. "चार दिवस केलं तसं. मग घरमालकीण काकू म्हणल्या, माझ्या मीटरवर नको बाई. आता घर त्यांचं, मीटर त्यांचं. काय बोलणार?"

आता ही गाडी काढता येणाऱ्या बॅटरीची, म्हणून एवढं तरी जमतं. पुष्कळ गाड्यांची बॅटरी गाडीतच पक्की बसवलेली असते. त्या गाडीवालीने काय करायचं?

मैत्रिणींनो, आज ह्या वायरीबद्दलच बोलायचं आहे. विषय दिसायला पुरुषांच्या पानावरचा आहे, गाड्या, बॅटऱ्या, अनुदान वगैरे. पण तो आपल्या दारापर्यंत आलेला आहे, आणि त्यात सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा पैसा आहे.

हिशेब करून बघा

आधी त्या सेविकेने कर्ज काढून ही गाडी का घेतली, ते समजून घेऊ. तिचं रोजचं येणं-जाणं साधारण तीस किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७५० किलोमीटर झाले. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर चालली तर साडेसोळा लिटर पेट्रोल लागतं. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, म्हणजे महिन्याला सतराशे रुपयांच्या आसपास खर्च. विजेची साधी स्कूटर एका युनिटला पंचवीस किलोमीटर सहज जाते. ७५० किलोमीटरला ३० युनिट झाले. दहा रुपये दराने धरलं तरी तीनशे रुपये! महिन्याला चौदाशे रुपये हातात राहतात. मानधनावर घर चालवणाऱ्या बाईला चौदाशे रुपये म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलीच्या शिकवणीची फी निघते त्यात.

शिवाय गाडी असली की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आपलं जाफराबाद खेळणा-पूर्णेच्या काठचं तालुक्याचं गाव. रेल्वे नाही. जालना पन्नासेक किलोमीटर. टेंभुर्णी, माहोऱ्याकडच्या गावांत काम असलेल्या बाईला एसटी, काळी-पिवळी किंवा कुणाच्या तरी गाडीची मागची सीट, एवढेच मार्ग. स्वतःची गाडी आली की कामाच्या वेळा तिच्या हातात येतात.

आता घरमालकीण काकूंची बाजू. मी त्यांनाही ओळखते, बाई वाईट नाही. पण महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर असतो आणि त्यापुढच्या युनिटचा दर एकदम चढतो. भाडेकरणीचे ३० युनिट त्यांच्या बिलात पडले की काकू वरच्या टप्प्यात जातात. तीस युनिटचे पैसे भाडेकरणीने दिले तरी ते कोणत्या दराने, यावर वाद आलाच. वर जिन्यातून लोंबणारी वायर, पाऊस, लहान मुलं. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्यानंतर केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. पण घरातल्या साध्या प्लगला स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड लावून रात्रभर गाडी चार्ज केली तर त्या नियमांचा काय उपयोग? काकूंची भीती अगदीच खोटी नाही.

म्हणजे दोघींपैकी चूक कुणाचीच नाही. अडचण आहे ती जागेची आणि मीटरची. ज्याचं स्वतःचं घर, स्वतःचं अंगण, स्वतःचा मीटर, त्याला विजेची गाडी आजच स्वस्त पडते. ज्याचं घर भाड्याचं किंवा वरच्या मजल्यावरचं, त्याच्यासाठी गाडी दारात येऊनही परकीच. सरकारी पैसा लागतो तो इथे! आता तो पैसा प्रत्यक्षात कुठे जातो, ते पाहू या.

पैसा आहे, पण कुणासाठी?

महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये विजेच्या वाहनांचं धोरण आणलं. त्यात सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचं उद्दिष्ट शहरवार दिलं होतं. बृहन्मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, तेव्हाचं औरंगाबाद ७५, अमरावती ३० आणि सोलापूर २०. बेरीज केली तर २३७५. सात शहरं! त्याशिवाय मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर हे महामार्ग. तालुक्याच्या गावाचं नाव त्या यादीत शोधून सापडत नव्हतं.

त्याच धोरणात चार्जरसाठी अनुदान होतं. हळू चार्ज करणाऱ्या साध्या चार्जरला जास्तीत जास्त १० हजार रुपये, आणि वेगवान चार्जरला जास्तीत जास्त ५ लाख. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मग एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवीन धोरण मंजूर केलं. ते २०३० पर्यंत चालेल. त्यात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला वेगवान चार्जिंगची सोय करायचं ठरलं. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या चारचाकी गाड्यांना टोलमाफी ठरली. नवीन निवासी इमारतींत पार्किंगची सगळी जागा चार्जिंगसाठी तयार हवी, असंही म्हटलं आहे.

चांगलंच आहे. नाही कोण म्हणतं? पण जरा विचार करा. समृद्धी आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या वीस-पंचवीस लाखांच्या गाडीला टोल माफ आणि वाटेत चार्जर. आणि त्याच जिल्ह्यातली सेविका बॅटरी उचलून जिना चढते! नवीन इमारतींचा नियमही मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रकल्पांना लागू पडेल. आपल्याकडे वाडे आहेत, चार खोल्यांच्या चाळी आहेत, दुकानावर चढवलेले दोन मजले आहेत. तिथे पार्किंग म्हणजे रस्ताच.

केंद्र सरकारचं काय? २०१९ ते मार्च २०२४ पर्यंत 'फेम-२' नावाची योजना चालली. त्यातून मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना पेट्रोल पंपांवर ७४३२ वेगवान चार्जिंग केंद्रं उभारायला ८०० कोटी रुपये मंजूर झाले. भागाकार केला तर एका केंद्रामागे पावणेअकरा लाखांच्या आसपास. आणि गंमत अशी, की मोटारीसाठी बसवलेल्या वेगवान चार्जरची पिन आपल्या स्कूटरला सहसा बसतच नाही. मोठ्या गाडीचं खोगीर शेळीवर कसं चढणार?

आता ऑक्टोबर २०२४ पासून 'पीएम ई-ड्राइव्ह' ही योजना आहे. एकूण १०,९०० कोटींची. त्यातले २००० कोटी फक्त चार्जिंगसाठी. त्यातून सुमारे ७२ हजार चार्जर बसवायचे आहेत. २२,१०० मोटारींसाठी, १८०० बससाठी आणि ४८,४०० दुचाकी-तीनचाकींसाठी. म्हणजे दुचाकीचा विचार या वेळी झालेला आहे, हे मान्य करायला हवं. योजनेची मुदत आता मार्च २०२८ पर्यंत वाढवली आहे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये या चार्जिंगच्या पैशांचे नियम आले. त्यानुसार सरकारी कार्यालयं, सरकारी दवाखाने, शिक्षणसंस्था, सरकारी वसाहती अशा जागी चार्जर बसवला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला, तर वीजजोडणीच्या कामाचा आणि यंत्राचा १०० टक्के खर्च केंद्र देणार. बसस्थानक, नगरपालिकेचं पार्किंग अशा ठिकाणी जोडणीच्या कामाला ८० टक्के आणि यंत्राला ७० टक्के. बाजारपेठा, रस्त्याकडेच्या जागा यांना जोडणीच्या कामाचे ८० टक्के.

वाचून बरं वाटलं ना? पण प्राधान्य कुणाला, तर दहा लाखांवर लोकसंख्येची शहरं, स्मार्ट सिटी, राज्यांच्या राजधान्या आणि गर्दीचे महामार्ग. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

राज्याची पिंक ई-रिक्षा योजना तर खास महिलांसाठीच आहे. २० टक्के राज्याचं अनुदान, १० टक्के बाईचे स्वतःचे आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात वाटप सुरू झालं. योजना खरंच छान. पण तीही पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूर अशा मोठ्या शहरांपासूनच सुरू झाली. लहान गावातल्या बाईने आधी शहरात जावं आणि मग रिक्षा चालवावी, असं थोडंच आहे?

सोसायटी नसलेल्यांचं काय?

अपार्टमेंटमधल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे तर फ्लॅट स्वतःचा आहे, आम्हाला काय अडचण? अडचण आहे. पुण्या-मुंबईत सहकारी गृहनिर्माण संस्था असते. तिची सर्वसाधारण सभा होते, ठराव होतो, ना-हरकत पत्र मिळतं. तरीसुद्धा तिथे भांडणं होतातच. 'माझ्याकडे विजेची गाडी नाही, मग मेंटेनन्समधून चार्जरचा खर्च मी का देऊ?' हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो.

आपल्याकडे त्याच्याही अलीकडची गोष्ट आहे. सहा-आठ फ्लॅटची इमारत उभी राहते, फ्लॅट विकले जातात, पण संस्था नोंदवायची राहूनच जाते. जिन्यातल्या दिव्याचा आणि पाण्याच्या मोटारीचा मीटर वर्षानुवर्षं बांधणाऱ्याच्याच नावावर चालतो. आता चार्जरसाठी अर्ज कुणी करायचा? ठराव कुणाच्या सहीने? सरकारी कागद 'संस्थेचा नोंदणी क्रमांक' मागतो, आणि आपल्याकडे क्रमांकच नाही! धोरण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जी इमारत असते, ती आपल्या गावात नसते, हे खरं दुखणं आहे. म्हणून अशा इमारतींत राहणाऱ्यांनी आधी संस्था नोंदवून घ्यावी हे तर मी म्हणेनच. चार्जर नंतर येईल, पण कागद नीट असलेला कधीही बरा.

पण भाडेकरू, वाड्यात राहणाऱ्या, एका खोलीत संसार मांडलेल्या बायकांसाठी उत्तर घरात सापडणार नाही. ते गावातच, सार्वजनिक जागेतच शोधावं लागेल.

एका वेगवान चार्जरमध्ये पन्नास साधे

मघाशी दोन आकडे लक्षात ठेवायला सांगितले होते. १० हजार आणि ५ लाख. म्हणजे एका वेगवान चार्जरच्या अनुदानात पन्नास साधे चार्जर बसतात. केंद्र सरकारच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये दुचाकी-तीनचाकींसाठी कमी खर्चाच्या चार्जिंग पॉइंटचं एक मानक तयार केलं. तो ३ किलोवॅटपर्यंतचा, मोबाइलवरून पैसे भरता येतील असा, आणि किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आत बसावी असा त्यामागे विचार होता. साडेतीन हजारांत आज एक बरा मिक्सरही येत नाही!

आणि आपल्याला वेग हवा आहे कशाला? गाडी उभी कुठे असते ते पाहा. सेविका, शिक्षिका, परिचारिका, पंचायत समितीतली लिपिक, तहसीलला कामाला येणारी बाई, कॉलेजात शिकणारी मुलगी. यांच्या गाड्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एकाच जागी उभ्या असतात. सात तास! साधी स्कूटर साध्या चार्जरवर चार-पाच तासांत भरते. वेगवान यंत्र हवं महामार्गावर, जिथे माणूस चहा पिऊन पुढे जाणार. आपल्याला हवा तो साधा, मजबूत, अर्थिंग केलेला, वेगळ्या मीटरचा प्लग, जिथे गाडी तशीही उभीच असते तिथे.

दिवसा चार्ज करण्याचा आणखी एक फायदा. राज्यात सौरऊर्जा वाढली आहे आणि ती दिवसाच मिळते. म्हणून १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली आहे. म्हणजे दिवसा वीज वापरा, असं सरकारच सांगतंय. मग दिवसभर बाई जिथे असते, तिथे प्लग नको?

जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. घरोघरी फोन नव्हते तेव्हा चौकात एसटीडी-पीसीओचं पिवळं बूथ असायचं. घरात फोन घ्यायची ऐपत नसलेली बाईसुद्धा दोन रुपये टाकून माहेरी बोलायची. पिठाची गिरणी तरी काय, प्रत्येकीच्या घरी थोडीच असते? दळण टाकायचं, पैसे द्यायचे, घेऊन यायचं. चार्जिंगचंही तसंच व्हायला काय हरकत आहे?

आणि इथे बचत गटाला काम आहे! २०१८ मध्येच केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं, की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही. महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, वेगळं मीटर मिळतं. नगरपंचायतीने बाजाराजवळ जागा द्यावी, वर पत्र्याची शेड, आठ-दहा प्लग, एक कॅमेरा, चांगला दिवा. देखरेख गटातल्या बायकांची. बाजूला चहाचं नाहीतर पापड-लोणच्याचं दुकान. उत्पन्न फार नसेल, पण यंत्र नीट राहील. कारण ज्याचं पोट त्यावर आहे तो ते बंद पडू देत नाही. नुसती ठेकेदाराने बसवलेली यंत्रं उद्घाटनाच्या हारासकट धूळ खात पडतात, हे आपण हातपंपापासून पाहत आलोय.

इतरांनी काय केलं?

दिल्लीने २०२० च्या धोरणात पहिल्या ३० हजार चार्जिंग पॉइंटसाठी प्रत्येकी ६ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं. पुढच्या वर्षी एक खिडकी योजना काढली. घर, अपार्टमेंट, दुकान, दवाखाना, कुणीही अर्ज करायचा, वीज कंपनीच्या यादीतला विक्रेता येऊन बसवून देणार, अनुदान वजा करून उरलेले पैसे भरायचे. पैसा थेट लहान प्लगला गेला.

ब्रिटनचं उदाहरण मला फार आवडलं. तिथे आधी स्वतःचं घर असणाऱ्यालाही चार्जरसाठी सरकारी मदत मिळायची. एप्रिल २०२२ पासून स्वतंत्र घरमालकांची मदत बंद केली आणि ती भाडेकरू आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे वळवली. कारण साधं. ज्याला अंगण आहे तो स्वतःच्या पैशाने बसवेल, ज्याला नाही त्याला मदत द्या. फ्रान्समध्ये तर फ्लॅटमधल्या रहिवाशाला, भाडेकरूलासुद्धा, स्वखर्चाने प्लग बसवण्याचा कायद्याने हक्क आहे. सबळ कारणाशिवाय इमारतीला नाही म्हणता येत नाही.

हे देश श्रीमंत आहेत, त्यांची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. पण यात श्रीमंतीपेक्षा शहाणपण जास्त आहे. मदत आधी अडलेल्याला! वाढणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. पंगतीत शेवटच्या पानावर भाजी पोहोचली का, हे ती आधी बघते.

"आधी पाण्याचं बघा!"

हा विषय मी आमच्या गटाच्या बैठकीत काढला तेव्हा एक आजी फटकन म्हणाल्या, "नळाला पाणी येईना, अन् तुम्ही गाड्यांला वीज पाजायला निघाल्या!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आजींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मराठवाड्यात पाण्याआधी दुसरं काही मागायला जीभ रेटत नाही.

त्यावर माझं उत्तर एवढंच. चार्जिंगसाठी मंजूर झालेला पैसा आपण घेतला नाही, तर तो पाण्याच्या पाइपात येणार नाही. तो दुसऱ्या शहराच्या मॉलपुढे जाईल. पाण्यासाठी भांडायचंच आहे. पण म्हणून पानात वाढलेलं परत का पाठवायचं?

दुसरा आक्षेप, गावात विजेच्या गाड्याच किती आहेत? प्लग नाहीत म्हणून गाड्या नाहीत आणि गाड्या नाहीत म्हणून प्लग नाहीत, असं हे चक्र आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत विजेच्या स्कूटरचा मोठा कारखाना येणार असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. देशात विकल्या जाणाऱ्या विजेच्या गाड्यांत बहुतांश दुचाकी आणि तीनचाकीच आहेत. गाड्या येणारच आहेत. प्रश्न एवढाच, की त्या फक्त अंगणवाल्यांच्या दारात उभ्या राहणार, की अंगणवाडीवाल्यांच्याही?

तिसरा आक्षेप, लाईट तरी असते का? खरं आहे. पण दहा ते पाच गाडी प्लगला लावलेली असेल आणि मधे दोन तास लाईट गेली, तरी संध्याकाळपर्यंत गाडी भरते. घाई वेगवान चार्जरला असते, साध्याला नाही.

आपण काय करायचं?

नुसतं वाचून पान मिटू नका. तीन-चार गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, मागणी लेखी द्या. केंद्राच्या योजनेत राज्याने नेमलेली यंत्रणा ठिकठिकाणची मागणी गोळा करून वर पाठवते. खालून मागणीच गेली नाही, तर वरून काय येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? ग्रामीण रुग्णालय, पंचायत समिती, तहसील, बसस्थानक या चार जागा लिहून नगरपंचायतीला आणि तहसीलदारांना निवेदन द्या. एसटीच्या स्थानकांवर चार्जिंगची सोय करण्याची गोष्ट राज्याच्या नव्या धोरणातही आहे, त्याचा उल्लेख करा. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नका.

दुसरी, 'दुचाकीसाठी साधा चार्जर' हे शब्द त्या निवेदनात स्पष्ट लिहा. नाहीतर मोटारीचं मोठं यंत्र येऊन बसेल आणि आपण त्याच्याभोवती गाड्या लावू.

तिसरी, आपल्या नगरसेविकांना भेटा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत. सभागृहात अर्ध्या आपल्याच आहेत की! जागेचा ठराव त्यांनी मांडायचा आणि चालवण्याचं काम बचत गटाला द्यायचं, एवढं त्यांच्याकडून वदवून घ्या.

चौथी, घरमालकिणींसाठी. भाडेकरणीला सरळ नाही म्हणण्याआधी वेगळ्या मीटरचा विचार करा. मीटर वेगळं झालं की तुमचं बिल वरच्या टप्प्यात जाणार नाही आणि युनिटच्या दरावरून भांडणही होणार नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून जिन्याखाली १५ अँपिअरचा प्लग बसवून घ्या. लोंबती वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र मुळीच नको.

आमच्या गटाने निवेदन लिहायला घेतलं आहे. पहिली सही पाण्यावरून बोलणाऱ्या त्या आजींनी केली. "माझी सून टेंभुर्णीच्या शाळेत जाती," म्हणाल्या. "तिचं पेट्रोल वाचलं तर बरंच हाये."

दुसरी सही सेविकेची. आणि तिसरी, विश्वास ठेवा, घरमालकीण काकूंची.